क्लेम घ्यावा की खिशातून भरावे?

विमा म्हटला की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आयुर्विमाच उभा राहतो. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. पुढे पगारातूनच हप्ता कापून घेण्याची सोय आली आणि मग रेल्वेतला खलाशी असो, महापालिकेतला सफाई कामगार असो की आमच्यासारखा कारकून, प्रत्येकाच्या घरी लोखंडी पेटीच्या तळाशी एखादी तरी पॉलिसी जपून ठेवलेली असे. हप्ते भरायचे, मुदत संपली की रक्कम बोनससकट उचलायची. त्यातून कुणी मुलीचे लग्न केले, कुणी घरावर स्लॅब टाकला. त्यामुळे आपल्या मनात एक समज घट्ट बसला आहे. हप्ता भरला म्हणजे पैसा ठेवला, आणि ठेवलेला पैसा कधी ना कधी परत आलाच पाहिजे.

आता आपल्या वसाहतींत चारचाकी दिसू लागली आहे. कुणी ग्रॅच्युइटीतून घेतली, कुणी पतपेढीचे कर्ज काढून जुनी घेतली. त्याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु गाडीच्या विम्यालाही आपण आयुर्विम्याचाच न्याय लावतो आणि तिथे गल्लत होते. गाडीचा विमा ही ठेव नव्हे. वर्ष सुखरूप गेले की तो हप्ता संपला, मुदतीअंती काही मिळायचे नाही. सुखरूप गेलेल्या वर्षाबद्दल कंपनी एकच गोष्ट देते, ती म्हणजे पुढच्या वर्षीच्या हप्त्यात सवलत. तिला नो क्लेम बोनस म्हणतात. नावात बोनस आहे, पण दिवाळीच्या बोनससारखे हातात काही पडत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. आणि गाडीला बारीकसा धक्का लागून क्लेम करायची वेळ येते, तेव्हा नेमकी तीच सवलत पणाला लागलेली असते.

आमच्या शेजारच्या चाळीतील एका कुटुंबाचे उदाहरण त्यांच्या परवानगीने सांगतो. नावे सांगत नाही. घरातील वडील महापालिकेतून निवृत्त झालेले, सारी वसाहत त्यांना दादा म्हणते. मुलगा खासगी कंपनीत, सून एका पतसंस्थेत रोखपाल. गाडी छोटी, पण नवी घेतलेली. वय चार वर्षे तीन महिने. पावसाळ्यात एका लग्नाहून परतताना सिग्नलजवळ पुढचा टेम्पो अचानक थांबला आणि ओल्या रस्त्यावर यांची गाडी घसरून त्याच्या मागच्या लोखंडी पट्टीवर आदळली. वेग नव्हता. मुले घाबरली एवढेच, कुणाला खरचटलेही नाही. टेम्पोवर ओरखडाही उमटला नाही आणि टेम्पोवाला हात हलवून निघून गेला. इकडे मात्र पुढचा बंपर फाटला, डावा दिवा फुटला आणि डाव्या चाकावरचा पत्रा, ज्याला गॅरेजवाले फेंडर म्हणतात, तो चेपला.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने पंधरा हजार चारशे रुपयांचा अंदाज दिला. तिथल्या सल्लागाराने वर हेही सांगितले, "विमा आहे ना? मग काळजी कसली? क्लेममध्ये बसवून देतो." दादांचेही तेच मत पडले. "चार वर्षे भरतोय, एक पैसा घेतला नाही. आता तरी घेऊ द्या की!" मुलगा गप्प, कारण गाडी तोच चालवत होता. सूनबाई मात्र पॉलिसीची प्रत घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांनी पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारून आणली होती. म्हणाल्या, "काका, हे पंचेचाळीस टक्के कशाचे? आणि क्लेम केला तर याचे काय होते?"

हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घरचे पैसे सहसा वाया जात नाहीत. आम्ही चहा ठेवायला सांगितला आणि कागद पुढे ओढला.

वाचकांनीही आपापली पॉलिसी काढून पुढ्यात घ्यावी. हप्त्याचे दोन भाग दिसतील. एक भाग थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याच्या भरपाईचा. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे तो सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला तो वर्षाला २,०९४ रुपये आणि हजार ते दीड हजार सीसीपर्यंत ३,४१६ रुपये झाला. या भागात बोनसची सवलत नसते. दुसरा भाग ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. हा सक्तीचा नाही, आणि १ जानेवारी २००७ पासून त्याचा दर कंपन्या स्वतःच ठरवतात. म्हणून चार ठिकाणी विचारल्याशिवाय हा भाग भरू नये. नो क्लेम बोनस बांधलेला असतो तो याच भागाशी.

बोनसची पायरी अशी आहे. एक वर्ष क्लेम न करता गेले की २० टक्के, सलग दोन वर्षे गेली की २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. त्यापुढे वाढत नाही. आणि एक क्लेम घेतला की एका दमात शून्य. पंचेचाळीसवरून पस्तीसवर यावे अशी सोय नाही, थेट तळाला. मग तिथून पुन्हा एकेक पायरी चढायची. कंपनीकडून दोन हजार घ्या नाहीतर दोन लाख, सजा तीच. लहान क्लेम महागात पडतो तो यामुळेच.

दादांच्या पॉलिसीत ओन डॅमेजचा मूळ हप्ता सहा हजार होता आणि ४५ टक्के सवलत वजा जाता ते ३,३०० भरत होते. हे वर्ष क्लेम न करता काढले तर पुढच्या नूतनीकरणाला ५० टक्के मिळणार, म्हणजे दर वर्षी तीन हजारांची सवलत. क्लेम केला तर पहिल्या वर्षी सवलत शून्य, नंतर अनुक्रमे १,२००, १,५००, २,१०० आणि २,७००, आणि सहाव्या वर्षी पुन्हा तीन हजार. दोन्हींतील फरक मांडला तर पहिल्या वर्षी ३,०००, दुसऱ्या वर्षी १,८००, मग १,५००, ९०० आणि ३००. बेरीज साडेसात हजार. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, तो धरून आठ हजार आठशे पन्नास. गाडीची किंमत दर वर्षी उतरते तसा मूळ हप्ताही थोडा उतरतो, पण हिशेब सोपा राहावा म्हणून आम्ही सहा हजारच धरले.

सूनबाईंनी आकडा खाली लिहिला आणि म्हणाल्या, "म्हणजे आठ हजार आठशे देऊन पंधरा हजार चारशे मिळतात. तरी फायदाच की!"

नाही. पंधरा हजार चारशे मिळतच नाहीत. इथेच बहुतेक जण फसतात.

साध्या पॉलिसीत कंपनी नव्या भागाची पूर्ण किंमत देत नाही, झीज कापून देते. प्लॅस्टिक, रबर, टायर-ट्यूब, बॅटरी यांवर सरसकट ५० टक्के कापतात, मग गाडी कालच घेतलेली का असेना. काचेवर काही कापत नाहीत. फायबरच्या भागांवर ३० टक्के. पत्र्याच्या आणि इतर भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते. पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५०. रंगकामाचे एकत्रित बिल असेल तर त्यातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा समजून त्याच्या निम्मे कापतात. मजुरीवर कपात नाही. एवढे सगळे झाल्यावर जी रक्कम उरते, तीमधून दीड हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला आणखी एक हजार रुपये वजा होतात. मोठ्या गाडीला दोन हजार. हा मालकाने सोसायचा सक्तीचा वाटा आहे आणि तो प्रत्येक क्लेमला वेगळा लागतो.

आता दादांचे बिल घ्या. बंपर ३,२००, त्यातले मिळणार १,६००. दिव्याचा संच ३,४००, बहुतेक सारा प्लॅस्टिकचा, मिळणार १,७००. फेंडर २,४००, गाडी पाचव्या वर्षात म्हणून ३५ टक्के कापून १,५६०. रंगकाम ४,८००, त्यातून सहाशे कापून ४,२००. मजुरी १,६०० पुरी. एकूण झाले १०,६६०. त्यातून सक्तीचे हजार वजा. हातात, म्हणजे खरे तर गॅरेजच्या हातात, ९,६६० रुपये. उरलेले ५,७४० रुपये दादांनीच भरायचे. तेही लगेच, गाडी सोडवताना.

कंपनीकडून ९,६६० घ्यायचे आणि पुढच्या पाच वर्षांत सवलत गमावून ८,८५० परत करायचे. निव्वळ लाभ आठशे दहा रुपये! त्यासाठी फॉर्म, सर्व्हेअरची वाट आणि गॅरेजच्या दोन-तीन खेपा. एका खेपेला अर्धी रजा धरली तरी हिशेब कुठे जातो ते नोकरदार वाचकांना सांगायला नको.

दादा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मग हे ‘विमा आहे ना’ म्हणतात ते काय?" आम्ही म्हटले, दादा, त्यांचे बिल होते, म्हणून म्हणतात.

तरीही एक अडचण खरी होती आणि ती कागदावर दिसत नव्हती. महिन्याची वीस तारीख उलटून गेली होती. मुलाच्या शाळेची फी नुकतीच भरलेली. पंधरा हजार काढायचे कुठून? हातावर पोट असलेल्या माणसाला पाच वर्षांचा फायदा-तोटा सांगणे सोपे आहे, पण त्याचा प्रश्न या आठवड्याचा असतो. म्हणून आम्ही सुचवले की सर्व्हिस सेंटरचा आकडा शेवटचा समजू नका, बाहेर दाखवा. मुलाने रविवारी दोन ठिकाणी दाखवली. ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने फेंडर न बदलता ठोकून सरळ करायचे, बंपर प्लॅस्टिक वेल्डिंगने सांधून रंगवायचा आणि दिवा तेवढा नवा बसवायचा, असे सगळे मिळून ७,२०० रुपये सांगितले. क्लेम करूनही खिशातून ५,७४० जाणारच होते. म्हणजे आजच्या घडीला फरक चौदाशे साठ रुपयांचा, आणि त्या बदल्यात बोनस शाबूत. चौदाशे साठ सूनबाईंनी आपल्या भिशीतून काढले. गाडी चार दिवसांत उभी राहिली. जवळून पाहिले तर बंपरवरचा सांधा दिसतो, पण गाडी काही नवरदेव नाही.

मात्र ही बाहेरची स्वस्त दुरुस्ती फक्त वरवरच्या इजेसाठी. धक्का रेडिएटरपर्यंत गेला असेल, चाक एका बाजूला ओढत असेल, एअरबॅग उघडली असेल किंवा बॉनेटखालची चौकट वाकली असेल, तर पैशांकडे पाहू नका. गाडी सर्व्हिस सेंटरला न्या आणि क्लेम करा. चाळीस-पन्नास हजारांच्या कामात बोनसची चिंता करणारा शहाणा नव्हे. विमा काढला आहे तो अशाच दिवसासाठी.

वरचा हिशेब दादांच्या गाडीचा आहे. तो जसाच्या तसा उचलू नये. जुनी गाडी नुकतीच नावावर केली असेल आणि बोनस शून्यच असेल, तर गमावण्यासारखे थोडेच असते. त्याच सहा हजारांच्या हप्त्यावर क्लेममुळे पाच वर्षांत होणारे नुकसान तीन हजार, जीएसटी धरून ३,५४० भरते. अशा माणसाने आठ-नऊ हजार मिळत असतील तर जरूर घ्यावेत. ज्याने जादा हप्ता भरून झीज न कापण्याची जोड घेतली आहे, जिला झीरो डेप म्हणतात, त्याचेही गणित वेगळे. दादांकडे ती असती तर १५,४०० पैकी १४,४०० मिळाले असते आणि आम्हीच त्यांना क्लेम करा म्हटले असते. बोनस टिकवणारीही एक वेगळी जोड मिळते, ती पॉलिसीत आहे का तेही पाहावे. आणि ज्यांच्या मनात दोन-तीन वर्षांत मोठी गाडी घ्यायचे आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून तसे पत्र घेतले तर तो नव्या गाडीला लागतो. नव्या गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता पंधरा हजार असेल तर ५० टक्के म्हणजे साडेसात हजार एका वर्षात वाचतात. तेव्हा हा आज दुर्लक्षित असलेला आकडा फार मोठा वाटेल. पॉलिसी संपल्यावर नूतनीकरणाला नव्वद दिवसांपेक्षा उशीर झाला, तर मात्र क्लेम न करताही बोनस बुडतो. हे आम्ही आमच्याच कार्यालयातील दोघांच्या बाबतीत पाहिले आहे.

जुन्या गाडीचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबतो, कारण आपल्यात निम्म्याहून अधिक गाड्या ओळखीने घेतलेल्या असतात. मित्राने मित्राला विकली, पैसे दिले, चावी घेतली आणि कागद ‘करू नंतर’. अशा गाडीला धक्का लागला तर क्लेम करावा की नाही हा प्रश्नच उरत नाही. मालक एक आणि पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर असेल तर थर्ड पार्टीचे संरक्षण कायद्याने गाडीबरोबर चालत येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हे स्पष्ट केले आहे. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी. दुसरे असे की, विकणाऱ्याचा बोनस घेणाऱ्याला मिळत नाही. एजंट घाईत तो तसाच चालू ठेवतो, हप्ता कमी दिसतो, आपणही खूश. मग क्लेमच्या दिवशी तो खोटा बोनस बाहेर पडतो आणि सगळाच दावा अडकतो.

खोट्याचा आणखी एक प्रकार सांगितला पाहिजे. दादांना सल्लागाराने आणखी एक गळ घातली होती, की मागच्या दारावरचा जुना ओरखडाही याच क्लेममध्ये दाखवू. काही ठिकाणी लायसन्स नसलेल्या मुलाऐवजी वडिलांचे नाव चालक म्हणून लिहितात. फॉर्मखाली सही सल्लागाराची नसते, आपली असते. सर्व्हेअर रोज पन्नास गाड्या बघणारा माणूस, गंज चढलेला ओरखडा आणि ताजा ओरखडा त्याला एका नजरेत कळतो. जुन्या ओरखड्यापायी खरा दावाही संशयात यायचा. गाडी दुसऱ्याने चालवली म्हणून मात्र घाबरू नका. मालकाच्या संमतीने चालवली असेल आणि चालवणाऱ्याकडे त्या वाहनाचे वैध लायसन्स असेल, तर चालते. गल्लीतल्या कुणाला दवाखान्यात न्यायला शेजाऱ्याने गाडी घेतली, यात काही गैर नाही. खासगी गाडी भाड्याने फिरवली तर मात्र अडचण आहे.

क्लेम करायचा की नाही हे ठरायला दोन दिवस लागतील, पण कळवायला दोन दिवस लावू नयेत. धक्का लागल्याबरोबर चारी बाजूंनी फोटो काढा, समोरच्या गाडीचा नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या फोन नंबरवर कळवा. तो पॉलिसीवरच छापलेला असतो. पाहणी होण्याआधी दुरुस्ती करून टाकली तर क्लेम कशाचा करणार? निव्वळ उशिराच्या कारणावरून खरा दावा फेटाळू नये, असे विमा नियामकाने २०११ सालीच कंपन्यांना बजावले आहे. तरी भांडायची वेळ येऊ न दिलेली बरी. कळवल्यानंतर हिशेब करून क्लेम नको असे ठरले, तर दावा मागे घेतल्याचे लेखी घ्या आणि तो बंद झाल्याची खात्री करा. नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी तो ‘प्रलंबित’ दिसतो आणि न घेतलेल्या पैशांपायी बोनस अडकतो.

जागच्या जागी मिटवायचे झाले तर त्यालाही कागद असावा. समोरच्याने दोन हजार दिले किंवा आपण दिले, तर तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही गाड्यांचे नंबर आणि ‘पुढे काही मागणे नाही’ एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. वहीचे फाडलेले पानही चालेल. पण मिटवायची ती फक्त पत्र्याची इजा. समोर स्कूटरवरची बाई पडली, म्हातारा माणूस खाली बसला, आणि "मला काही झाले नाही, जा तुम्ही" असे ते म्हणत असले, तरी निघून जाऊ नका. वरून न दिसणारा मार रात्री दुखू लागतो. कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमी माणसाला उपचार मिळवून देणे, पोलिसांना माहिती देणे आणि विमा कंपनीला कळवणे ही चालकाची जबाबदारी आहे. तिथे बोनसचा हिशेब काढून बसणाऱ्या माणसाशी आम्हाला बोलायचे नाही. शिवाय व्यवहारानेही तेच शहाणपणाचे आहे. भरपाईचा दावा काही महिन्यांनी न्यायाधिकरणात उभा राहिला आणि कंपनीला आपण कळवलेच नसेल, तर आधी कंपनीशीच झगडावे लागते.

योग्य क्लेम करूनही कंपनीने कमी रक्कम दिली किंवा नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही. साध्या कागदावर मराठीत मुद्देसूद लिहिता येणाऱ्याला ते जमते. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मात्र मागून घ्या. कुठल्या भागावर किती कापले ते त्यात असते आणि आपला सगळा मुद्दा तिथेच असतो.

दुचाकीवाले म्हणतील, आमचे काय? १ सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा असतो. त्यामुळे ‘आमचा पाच वर्षांचा विमा आहे’ असे समजून पुष्कळ जण निर्धास्त असतात आणि ओन डॅमेज पहिल्याच वर्षी संपलेले असते. त्याविषयी पुढच्या अंकात सविस्तर लिहू. तोवर ज्यांना आपली पॉलिसी वाचून घ्यायची असेल, त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत विहाराच्या वाचनालयात यावे. येताना पॉलिसीच्या सगळ्या पानांची झेरॉक्स आणावी. बहुतेक जण पहिलेच पान आणतात, आणि कपातीचे सारे नेमके आतल्या पानांवर असते.